व्यवस्थापनाचे संशोधन आपल्या मागांच्या शेडमध्ये कितपत चालते?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा आहे. इचलकरंजीत आपला वडिलोपार्जित यंत्रमागाचा कारखाना आहे, गेल्या काही वर्षांत त्यात रेपियर (धोट्याशिवाय चालणारे आधुनिक) माग आले आहेत आणि सगळ्या पाळ्या मिळून दीडशेच्या आसपास माणसे कामाला आहेत. आपले चिरंजीव एमबीए करून परतले असून जॉबर (मागांची जुळणी व दुरुस्ती पाहणारे कारागीर) आणि सुपरवायझर यांना पुण्यातील एका संस्थेच्या नेतृत्व-प्रशिक्षणाला पाठवावे, असा त्यांचा आग्रह आहे. आपण एका शिक्षणसंस्थेचे विश्वस्तही असल्यामुळे तोच कार्यक्रम शाळांच्या मुख्याध्यापकांसाठी घ्यावा का, हाही विचार चालू आहे. बिझनेस स्कूलांतले संशोधन मोठ्या परदेशी कंपन्यांपुरते असते की त्यातून आपल्यासारख्यांच्या हाती काही लागते, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

हाती निश्चित लागते, आणि ते आपल्या कल्पनेपेक्षा बरेच जवळचे आहे. मात्र त्यातून जे निघते ते नेतृत्व-प्रशिक्षणाच्या माहितीपत्रकात सहसा छापलेले नसते. कुटुंबाच्या मालकीच्या लहान व मध्यम कारखान्यांना व्यवस्थापनाचा सल्ला देण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे, आणि या संशोधनातला मला सर्वांत उपयोगी वाटणारा भाग योगायोगाने कापड विणणाऱ्यांवरच झालेला आहे. म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच अभ्यासकांनी २००८ मध्ये तारापूर आणि उंबरगाव येथील विणकाम कारखान्यांत एक प्रयोग सुरू केला. यांतले बहुतेक स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित होते आणि मकेन्झी जागतिक बँकेत होते. तारापूर म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील औद्योगिक वसाहत, आणि उंबरगाव तिच्यापासून फार दूर नाही, फक्त राज्याची सीमा ओलांडून गुजरातमध्ये. प्रयोगात १७ कंपन्या होत्या, सगळ्या कुटुंबाच्या मालकीच्या, सुती कापड विणणाऱ्या आणि सरासरी अडीचशेहून थोडी अधिक माणसे कामावर असलेल्या. त्यांच्या एकूण कारखान्यांपैकी २० कारखाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत वाटले गेले. एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या माणसांनी सर्वच कारखान्यांत महिनाभर पाहणी करून दोष काढून दिले. त्यांपैकी १४ कारखान्यांत ही माणसे त्यानंतर आणखी चार महिने थांबली आणि सुचवलेल्या गोष्टी प्रत्यक्ष बसवून दिल्या, तर उरलेल्या ६ कारखान्यांत फक्त पाहणीवर काम थांबले.

या वाटणीमुळेच मी या अभ्यासाला इतके वजन देतो. व्यवस्थापनावर लिहिल्या जाणाऱ्या बहुतेक गोष्टी यशस्वी कंपनीकडे पाहून मागाहून लिहिलेल्या असतात, आणि ते यश चांगल्या पद्धतीमुळे आले की सुताचे भाव अनुकूल होते म्हणून आले, हे त्यातून कळण्याचा मार्ग नसतो. येथे दोन्ही गटांवर बाजारभाव, वीज, मागणी आणि त्या काळातली जागतिक मंदी यांचा परिणाम सारखाच होत होता. बाहेरचे कोणी बघायला आले की माणसे जरा नीट वागतात, हा आपला नेहमीचा अनुभवही दोन्ही गटांना सारखाच लागू होता, कारण पाहणी दोन्हीकडे झाली होती. त्यामुळे नंतर जो फरक दिसला तो त्या चार महिन्यांच्या कामाचाच होता, असे म्हणता येते.

सल्लागारांनी ज्या ३८ पद्धती मोजल्या आणि बसवायचा प्रयत्न केला त्यांत विद्वत्तापूर्ण असे काहीच नव्हते. माग का व किती वेळ थांबला याची नोंद ठेवणे, बिघाड होण्यापूर्वी ठरलेल्या वेळापत्रकाने देखभाल करणे, कापडातील दोष मागवार व प्रकारवार लिहून दररोज त्यावर चर्चा करणे, सुताच्या प्रत्येक पोत्यावर काउंट (सुताच्या जाडीचा क्रमांक), रंग आणि आल्याची तारीख लावणे, पडून राहिलेले सूत वेळीच विकून टाकणे, कोणते काम कोणाकडे आहे हे लिहून ठेवणे, आणि चांगल्या कामाला ठरलेल्या निकषांवर बक्षीस देणे, अशा त्या गोष्टी होत्या. आपल्या दिवाणजींना या यादीतली एकही गोष्ट नवी वाटणार नाही.

तरीही पाहणीच्या वेळी त्यांतल्या तीन-चतुर्थांश गोष्टी बहुतेक ठिकाणी होत नव्हत्या. सूत बिनलेबलचे, एकावर एक रचलेले आणि कधी ओल लागलेले, सुटे भाग ढिगाने पडलेले, हत्यारे जमिनीवर, असे दृश्य अभ्यासकांनी छायाचित्रांसह नोंदवले आहे. दोषांचे काम तर शेवटच्या तपासणीवरच सोडलेले असे. कापड विणून पूर्ण झाल्यावर दोष शोधायचे आणि मग मेंडिंगमध्ये हाताने दुरुस्त करायचे, ही पद्धत इतकी मुरलेली होती की मनुष्यबळाचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दुरुस्तीतच खर्च होत होता. आपल्या घडी खात्यात, म्हणजे विणलेले कापड तपासून घडी घालण्याच्या विभागात, किती माणसे दुरुस्तीसाठी अडकलेली आहेत, हे एकदा मोजून पाहावे, ही माझी पहिली विनंती आहे.

परिणाम असे झाले. ज्यांना पूर्ण मदत मिळाली त्या कारखान्यांची उत्पादकता पहिल्याच वर्षी सुमारे १७ टक्क्यांनी वाढली. दोषांचे प्रमाण मोठ्या फरकाने खाली आले, सुताचा साठा कमी झाला, आणि प्रत्येक कारखान्यामागे वर्षाला सुमारे ३ लाख डॉलरचा फायदा होईल असा अंदाज अभ्यासकांनी मांडला. सल्ला फुकट दिला होता, परंतु बाजारभावाने त्याची जी किंमत झाली असती तीदेखील वर्षभरात वसूल होणारी होती. पुढच्या तीन वर्षांत या कंपन्यांनी नवे कारखाने उघडण्याचे प्रमाणही तुलनेच्या गटापेक्षा जास्त होते. हा अभ्यास २०१३ मध्ये अर्थशास्त्राच्या अत्यंत प्रतिष्ठित अशा एका त्रैमासिकात प्रसिद्ध झाला.

हे आकडे जसेच्या तसे इचलकरंजीला लावू नयेत. तेथील कारखाने मोठ्या प्रमाणावर स्वतःचे सूत घेऊन स्वतःचे कापड विकणारे होते. आपण जर खर्चीवर, म्हणजे व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीने विणत असाल, तर सुताच्या साठ्यातून होणाऱ्या बचतीचा मोठा भाग व्यापाऱ्याच्या खिशात जाईल. डॅमेज, म्हणजे सदोष कापड, कमी होण्याचा आणि माग कमी वेळ थांबण्याचा फायदा मात्र आपलाच राहील. म्हणून आपल्यासाठी प्राधान्यक्रम वेगळा आहे, आणि तो शेवटी सांगतो.

इतक्या फायद्याच्या आणि इतक्या साध्या गोष्टी मालकांनी आधी का केल्या नव्हत्या, हा प्रश्न अभ्यासकांनी प्रत्येक पद्धतीबाबत विचारला, आणि त्याची उत्तरे मला मुख्य निष्कर्षाइतकीच महत्त्वाची वाटतात. काही पद्धती मालकांना ठाऊकच नव्हत्या. पण दोष मोजणे किंवा साठा मोजणे अशा ठाऊक असलेल्या गोष्टींबाबत त्यांचे म्हणणे असे की आमच्या मालाचा दर्जा शेजाऱ्याइतका आहे, धंदा नफ्यात आहे, मग याची गरज काय. यात आळस किंवा अज्ञान यापेक्षा तुलनेचे माप चुकीचे असणे हा मुद्दा आहे. शेजारीही मोजत नसेल तर त्याच्याशी तुलना करून काहीच कळत नाही. ब्लूम यांनी जॉन व्हॅन रीनन आणि राफाएला सादून यांच्याबरोबर अनेक देशांत जे व्यवस्थापन-सर्वेक्षण चालवले त्यात हेच वेगळ्या रीतीने दिसले. कारखान्याच्या व्यवस्थापकाशी फोनवर सविस्तर बोलून १८ बाबींवर १ ते ५ गुण दिले जात, मात्र आपल्याला गुण दिले जात आहेत हे त्याला माहीत नसे आणि कंपनीचा ताळेबंद मुलाखत घेणाऱ्याला माहीत नसे. शेवटी त्यालाच विचारले जाई की स्वतःला वगळून तुमच्या कंपनीच्या व्यवस्थापनाला किती गुण द्याल. या स्वतःच दिलेल्या गुणांचा कंपनीच्या प्रत्यक्ष कामगिरीशी जवळजवळ काहीच संबंध आढळला नाही. आपली व्यवस्था चांगली आहे असे वाटणे हा त्यामुळे पुरावा धरता येत नाही, माझ्या अशिलांचाही नाही आणि आपलाही नाही.

आणखी एक निष्कर्ष आपल्याला घरगुती कारणासाठी सांगतो. तारापूरच्या त्या कंपन्या किती मोठ्या होतील हे मालकाच्या कर्तबगारीपेक्षा घरात धंद्यात बसू शकणारे पुरुष किती, यावरून अधिक अचूक सांगता येत होते. बाहेरच्या व्यवस्थापकावर पैशाच्या बाबतीत विश्वास टाकायची तयारी नसल्यामुळे भाऊ आणि मुलगे जितके, तितके कारखाने, अशी स्थिती होती. (मुलींचा आणि सुनांचा विचार या हिशेबात जवळजवळ कोणीच करत नव्हते, आणि इचलकरंजीतही चित्र फार निराळे नाही.) पद्धती बसल्यावर, म्हणजे दररोजचे आकडे कागदावर आणि संगणकावर दिसू लागल्यावर, मालक थोडे अधिक अधिकार खाली सोपवू लागले, असेही दिसले. जॉबरमध्ये नेतृत्व नाही अशी चिरंजीवांची तक्रार असेल तर त्याला काही ठरवण्याचा अधिकार कधी दिला होता का, हे आधी पाहावे लागेल. दोनशे रुपयांचा सुटा भाग आणायला ज्याला मालकाची परवानगी लागते, त्याला नेतृत्वाच्या वर्गात बसवून फारसे साधत नाही.

आता या कथेचा पुढचा भाग, जो सहसा सांगितला जात नाही. जवळजवळ नऊ वर्षांनी या पाचांपैकी चार अभ्यासक त्या कारखान्यांत परत गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या गळून पडल्या होत्या. तरीही ज्यांना मदत मिळाली होती ते कारखाने तुलनेच्या गटापेक्षा ठळकपणे पुढे होते, आणि एका कारखान्यात बसलेल्या पद्धती त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत बऱ्याच प्रमाणात पोचल्या होत्या. शेजारच्या कंपन्यांत त्या फारशा गेल्या नव्हत्या. पद्धती का सुटल्या, याची जी कारणे सर्वांत जास्त वेळा पुढे आली त्यांत एक होते ते जाणता व्यवस्थापक नोकरी सोडून गेला हे, आणि दुसरे होते मालकाला वेळ उरला नाही हे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन कारणांत आहे. व्यवस्थापनाची पद्धत वहीत लिहिली तरी ती एखाद्या माणसात राहते, आणि तो माणूस गेला किंवा त्याच्याकडे बघणारा मालक दुसऱ्या कामात गुंतला की ती विरघळते. आपण प्रशिक्षणावर पैसे खर्च करणार असाल तर ते पैसे जॉबरला पाठवण्यात घालायचे की चांगला जॉबर टिकवण्यात, हा हिशेब आधी मांडावा.

हे काही या शतकातच कळले असे नाही. १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको मिल्समध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस यांनी स्वयंचलित मागांच्या शेडमध्ये असाच एक प्रयोग केला होता. मिल साराभाई कुटुंबाची होती आणि मालक स्वतः या कामात रस घेणारे होते. २२४ मागांवर २९ माणसे होती, परंतु विणणारा वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेले धागे सांधणारा वेगळा, कापड नेणारा वेगळा, आणि त्यांतला कोणी कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नसे. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांचा संच एका लहान गटाकडे पूर्णपणे सोपवावा. कामगारांनी ती कल्पना इतक्या पटकन उचलली की आपापले गट त्यांनी स्वतःच जमवले. उत्पादन वाढले आणि डॅमेज घटले. पुढे १९७० च्या सुमारास एरिक मिलर यांनी परत जाऊन पाहिले तेव्हा गटाची पद्धत एखाद्या ठिकाणी बरीचशी शाबूत होती आणि इतरत्र हळूहळू जुन्या वळणावर गेली होती. कापडाचे प्रकार वारंवार बदलणे आणि नव्या माणसांना त्या रीतीने तयार करण्याचे काम मागे पडणे, अशा बाहेरच्या दाबांनी ती झिजली होती. अहमदाबाद आणि तारापूर यांच्यात अर्धे शतक आहे, माग वेगळे आहेत, अभ्यासाची रीतही पूर्णपणे वेगळी आहे. पण पद्धत बसवणे आणि पद्धत टिकणे ही दोन निराळी कामे आहेत, हे दोन्हीकडे सारखेच दिसते.

नेतृत्वाविषयीच्या साहित्याबद्दल आपण विशेष विचारले आहे. त्यातला मोठा भाग मी बाजूला ठेवतो, आणि त्याचे कारण एका जुन्या प्रयोगात आहे. बॅरी स्टॉ यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना एका कंपनीच्या आकड्यांवरून अंदाज बांधण्याचे काम दिले, आणि नंतर काही गटांना तुमचे काम उत्तम झाले व काहींना तुमचे काम वाईट झाले असे सांगितले. प्रत्यक्षात हे सांगणे निव्वळ यादृच्छिक होते, केलेल्या कामाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांना उत्तम झाले असे सांगितले गेले त्यांनी आपल्या गटात एकोपा होता, संवाद चांगला होता, उत्साह होता, असे लिहिले, आणि इतरांनी नेमके उलट लिहिले. म्हणजे निकाल कळल्यावर माणसे त्याला शोभणारी कारणे आठवतात. एखादी कंपनी वर असताना तिच्या प्रमुखाची दूरदृष्टी छापून येते, आणि तीच कंपनी घसरली की त्याच गुणाला हट्टीपणा म्हटले जाते. त्यामुळे यशस्वी नेत्यांचे अमुक इतके गुण अशी कोणतीही यादी समोर आली की ती माहिती निकालाआधी गोळा केली की नंतर, एवढेच मी विचारतो.

केस स्टडीबाबतही थोडी सावधगिरी हवी. मुंबईच्या डबेवाल्यांवर हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०१० मध्ये केस प्रसिद्ध केली, याचा आपल्याकडे सार्थ अभिमान आहे आणि प्रत्येक प्रशिक्षक तिचा उल्लेख करतो. परंतु केस ही वर्गात चर्चा घडवण्यासाठी लिहिलेली असते. विद्यार्थ्याने त्या जागी स्वतःला ठेवून निर्णय घ्यावा, हा तिचा हेतू. त्यावरून यंत्रमागाच्या शेडमध्ये तेच केल्यास तेच होईल, असे सिद्ध होत नाही, आणि केस लिहिणाऱ्यांचाही तसा दावा नसतो.

प्रशिक्षणाचा उपयोगच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. बेंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत अच्युत अध्वर्यू, नम्रता काला आणि अनंत न्यशधम यांनी केलेल्या अभ्यासात शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांना संवाद, वेळेचे नियोजन, अडचण आली तर ती मांडण्याची रीत अशा गोष्टी शिकवल्या गेल्या. कोणाला शिकवायचे हे सोडतीने ठरले होते. त्या स्त्रियांची उत्पादकता वाढली आणि कंपनीला खर्चाच्या कितीतरी पट परतावा मिळाला. पण त्याचे स्वरूप लक्षात घ्यावे. शिकवणे कारखान्यातच होते, दर आठवड्याला थोडे थोडे होते, बरेच महिने चालले, आणि रोजच्या कामात ते लगेच वापरता येत होते. हॉटेलमध्ये तीन दिवस राहून शेवटी प्रमाणपत्र आणि समूहछायाचित्र घेण्याशी याचे साम्य फारच थोडे आहे. पुण्याच्या त्या संस्थेला आपण एवढेच विचारावे की त्यांचा माणूस सहा महिने आठवड्यातून एकदा आपल्या शेडमध्ये येईल का. त्यांच्या उत्तरावरून पुष्कळ कळेल.

शाळेबद्दल. येथे कारखान्यापेक्षा जास्त जपून पावले टाकावीत. ब्लूम, सादून आणि व्हॅन रीनन यांनी रेनाटा लेमोस यांच्यासह आठ देशांतील अठराशेहून अधिक माध्यमिक शाळांचे असेच सर्वेक्षण केले. ज्या शाळांची व्यवस्था चांगली, तेथे विद्यार्थ्यांचे निकालही चांगले, असा संबंध आढळला. भारतातील शाळांना सरासरी गुण सर्वांत कमी मिळाले. परंतु हा केवळ संबंध आहे, आणि व्यवस्था सुधारायला घेतली की निकाल सुधारतातच, असे त्यावरून म्हणता येत नाही. मध्य प्रदेशात ते प्रत्यक्ष करून पाहिले गेले. सरकारी शाळांची सविस्तर तपासणी करायची, त्यांना गुण द्यायचे, त्यावरून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा करायचा आणि अधिकाऱ्यांनी पाठपुरावा करायचा, असा तो कार्यक्रम होता. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंह यांनी त्याचा यादृच्छिक गटांवर अभ्यास केला. तपासण्या झाल्या, आराखडेही तयार झाले, पण शिक्षकांच्या शिकवण्यात फरक पडला नाही आणि मुलांच्या शिकण्यातही नाही. कागदोपत्री सगळे व्यवस्थित दिसत असल्यामुळे कार्यक्रम यशस्वी समजला गेला आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर लाखो शाळांत पोचला. आपल्या संस्थेतील कोणत्याही मुख्याध्यापकाला हे वाचून आश्चर्य वाटणार नाही. माहिती भरायची, फोटो काढायचे, अपलोड करायचे, हे त्यांचे अर्धे काम झालेच आहे.

मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाचा याहून थेट पुरावा अमेरिकेतील ह्यूस्टनचा आहे. रोलंड फ्रायर यांनी तेथील सरकारी शाळांच्या मुख्याध्यापकांना दोन वर्षांत ३०० तासांचे प्रशिक्षण दिले. पाठाचे नियोजन, मुलांच्या चाचण्यांवरून अध्यापन ठरवणे, आणि शिक्षकाचा तास पाहून त्याला मार्गदर्शन करणे, हे विषय होते. पहिल्या वर्षी मुलांचे गुण वाढले, दुसऱ्या वर्षी परिणाम लक्षणीय उरला नाही. फ्रायर यांच्या मते याचे मोठे कारण मुख्याध्यापक बदलणे हे होते. शिकलेला मुख्याध्यापक गेला आणि नवा आला तो मधूनच. तारापूरच्या व्यवस्थापकाचीच ही दुसरी आवृत्ती म्हणता येईल.

महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित शाळांत हा प्रश्न अधिक कठीण आहे. १९८१ च्या सेवाशर्तींच्या नियमावलीप्रमाणे मुख्याध्यापकपद साधारणपणे पात्र शिक्षकांतील सर्वांत ज्येष्ठाला मिळते, आणि निवृत्ती ५८ व्या वर्षी होते. परिणामी पुष्कळ शाळांत मुख्याध्यापकाला दोन-तीन वर्षे, कधी त्याहून कमी काळ मिळतो. त्या काळात तो शालार्थची (पगाराच्या ऑनलाइन प्रणालीची) बिले, संचमान्यता (शिक्षकांच्या मंजूर पदांची निश्चिती), पोषण आहाराचे हिशेब यांतून डोके वर काढतो तोवर निरोप समारंभाची तारीख येते. अशा माणसावर नेतृत्व-प्रशिक्षणाचा खर्च करण्यापेक्षा ज्येष्ठता यादीतील पुढच्या तीन-चार शिक्षकांना, म्हणजे उपमुख्याध्यापक व पर्यवेक्षक यांना, एकत्र घेऊन काम बसवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. कामही एकच द्यावे: आठवड्यातून दोन तास दुसऱ्याच्या वर्गात बसायचे आणि त्या दिवशीच पाच मिनिटे त्याविषयी बोलायचे. अहवाल मागू नये. विश्वस्त मंडळाला अहवालाचा मोह आवरणे अवघड जाते, हे मला माहीत आहे, पण अहवाल मागितला की तास पाहण्याऐवजी अहवाल लिहिला जाईल.

आता कारखान्याकडे परत. आपल्याकडे मजुरी पिकावर (विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर) आणि मीटरवर ठरते, त्यामुळे मागवाल्याला माग चालू ठेवण्यात रस असतो, दोष वेळीच थांबवण्यात तितका नसतो. दोष दिसला म्हणून त्याने माग थांबवला तर त्याचेच मीटर कमी होतात. म्हणून दोषांची नोंद सुरू करताना पहिले तीन महिने तरी त्या नोंदीवरून कोणाचीही डॅमेजची कपात करू नये, आणि हे सर्व पाळ्यांना मालकाने स्वतः सांगावे. कपात झाली की दुसऱ्या आठवड्यापासून वही खोटी होईल, आणि मग तिच्यावरून काहीच ठरवता येणार नाही. नोंद साधी असावी: माग क्रमांक, पाळी, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ), दोषाचा प्रकार. प्रकार सहा-सातपेक्षा जास्त नकोत. माझा अंदाज असा की महिन्याभरात दोषांचा मोठा वाटा थोड्याच मागांवर आणि एखाद-दुसऱ्या सायझिंगहून (ताण्याला खळ देणाऱ्या कारखान्याहून) आलेल्या बीमांवर दिसू लागेल. तसे दिसले तर पहिली दुरुस्ती मागवाल्याच्या वागण्यात नाही, तर मागाच्या देखभालीत आणि सायझिंगवाल्याशी बोलण्यात करायची आहे, आणि तो निर्णय आपल्याशिवाय दुसरे कोणी घेऊ शकणार नाही.

त्याच्या जोडीला सकाळची पाळी बदलताना दहा-पंधरा मिनिटांची उभ्या उभ्या बैठक असावी. त्यात दोन्ही पाळ्यांचे जॉबर, घडी खात्याचा एक माणूस आणि चिरंजीव असावेत. आपण सुरुवातीला रोज, नंतर आठवड्यातून दोनदा तरी यावे. कालची वही उघडायची, जास्त दोष असलेले दोन-तीन माग घ्यायचे, कोण काय करणार ते ठरवायचे, आणि परवाचे ठरलेले झाले का ते विचारायचे. जॉबरला ठरावीक रकमेपर्यंतचा सुटा भाग स्वतःच्या सहीने आणण्याचा अधिकार याच काळात द्यावा. साठ्याची व्यवस्था आपण खर्चीवर असाल तर नंतर पाहता येईल, आणि स्वतःचे सूत घेत असाल तर लेबलांचे काम लगेच सुरू करावे. संगणकावरील मोठे सॉफ्टवेअर सध्या नको. वही टिकली तर ते घेता येईल.

चिरंजीवांना मी सगळा कारखाना न देता एकच शेड देण्याचा सल्ला देईन, आणि दुसरी शेड मुद्दाम आहे तशी ठेवावी. दोन्हींत शक्यतो सारखेच माग आणि सारखेच कापड असावे, आणि दोष मात्र दोन्हीकडे मोजावेत. सहा महिन्यांनी दोन्ही शेडचे डॅमेज, माग थांबल्याचे तास आणि मेंडिंगवरची माणसे शेजारी शेजारी मांडता येतील. त्यांनी बिझनेस स्कूलमध्ये जी संशोधनाची रीत शिकली तिचा हा सरळ उपयोग आहे, आणि आपल्यालाही त्यांच्याशी वाद घालण्याऐवजी आकड्यांवर बोलता येईल. प्रशिक्षणाला कोणाला पाठवायचे हा प्रश्न त्या वेळी परत घ्यावा. तेव्हा कोणत्या जॉबरला काय येत नाही हे आपल्याला नावानिशी माहीत असेल, आणि त्या संस्थेकडे नेमके काय मागायचे तेही ठरवता येईल.